जुन्या छायाचित्रांतील बंदुकांची ओळख

जुन्या छायाचित्रांतील बंदुकांची ओळख म्हणजे छायाचित्रात दिसणाऱ्या बंदुकीचा प्रकार, नमुना व काळ तिच्या दृश्य लक्षणांवरून ठरविण्याची अभ्यासपद्धती होय. शस्त्रांचा इतिहास, छायाचित्रणाचे तंत्र आणि अभिलेखीय पुरावा या तिन्हींचा तीत उपयोग होतो. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संस्थानिक, सरदार, सैनिक, पोलीस, शिकारी आणि गावकामगार यांची बंदुकीसह काढलेली छायाचित्रे कौटुंबिक, संस्थात्मक व सरकारी संग्रहांत आढळतात. अशा चित्रांतील बंदूक बहुधा नुसत्या ‘जुनी रायफल’ या नावाने नोंदवलेली असते. प्रत्यक्षात ती तोड्याची बंदूक, ठासणीची टोपीदार बंदूक, पिछाडीने भरायची लष्करी रायफल किंवा शिकारीची दुनळी यांपैकी काहीही असू शकते. ओळख अचूक ठरल्यास छायाचित्राचा काळ, चित्रित व्यक्तीचा व्यवसाय आणि तिचे तत्कालीन सत्तेशी असलेले नाते यांवर प्रकाश पडतो.

महत्त्व

बंदूक ही ठरावीक वर्षी स्वीकारलेल्या नमुन्यानुसार बनणारी वस्तू असल्याने ती कालनिश्चितीचे साधन ठरते. पोशाख, पागोटे किंवा दागिने यांच्या पद्धती अनेक दशके टिकतात. लष्करी बंदुकीचा नमुना मात्र कोणत्या वर्षी प्रचारात आला हे बहुधा माहीत असते. मार्टिनी–हेन्री रायफल दिसणारे छायाचित्र १८७१ पूर्वीचे असू शकत नाही. त्यामुळे ‘१८५७ च्या उठावातील पूर्वज’ अशी कौटुंबिक आख्यायिका असलेल्या छायाचित्रात ही रायफल आढळल्यास त्या आख्यायिकेचा पुनर्विचार करावा लागतो.

दुसरे महत्त्व सामाजिक आहे. एकोणिसाव्या शतकात एकाच समाजातील काही माणसे कंपनी सरकारविरुद्ध लढत होती, तर काही सरकारी दलांत नोकरीस होती. बंदूक सरकारी नमुन्याची आहे की घरची, हे कळल्यास चित्रातील व्यक्ती शिपाई, पहारेकरी, शिकारी किंवा बंडकरी यांपैकी कोण असावी याचा एक पुरावा मिळतो. वसाहतकालीन संग्रहांतील मथळे अनेकदा व्यक्तीचे नाव न देता केवळ जातीचे वा जमातीचे नाव देतात. अशा वेळी चित्रातील वस्तू हाच मथळा तपासण्याचा स्वतंत्र आधार असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

छायाचित्रणाची डॅगेरोटाइप पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि लवकरच ती भारतात पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय केला. जॉन्सन यांचा मुंबईतील विविध जातिजमातींवरील दोन खंडांचा छायाचित्रसंग्रह १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी हैदराबादच्या निजामाच्या व इतर संस्थानिकांच्या दरबारांची, लष्करी कवायतींची व शिकारींची छायाचित्रे घेतली.

भारतात छायाचित्रणाचा प्रसार झाला त्याच काळात बंदुकीच्या रचनेत वेगाने बदल होत होते. १८४० ते १९०० या साठ वर्षांत ब्रिटिश लष्कराने चकमकीची बंदूक सोडून टोपीची बंदूक, तिच्यानंतर पिछाडीने भरायची एकबारी रायफल आणि शेवटी पेटी असलेली अनेकबारी रायफल स्वीकारली. देशी संस्थाने व ग्रामीण भाग यांत मात्र तोड्याच्या बंदुका याच काळात आणि त्यानंतरही वापरात राहिल्या. त्यामुळे एकाच समूहछायाचित्रात दोनशे वर्षे जुन्या धाटणीची बंदूक आणि नवी लष्करी रायफल शेजारी शेजारी दिसणे असंभव नाही.

बंदुकीचे भाग व संज्ञा

ओळख पटविताना पुढील भागांकडे लक्ष दिले जाते.

नळी: तिची लांबी, तोंडाजवळचा फुगीरपणा, गोल वा अष्टकोनी घडण.
दस्ता: खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. तो सरळ, वक्र, माशाच्या शेपटीसारखा रुंद किंवा गोल टोकाचा असू शकतो.
घोडा: टोपीवर किंवा पोलादी पट्टीवर आपटणारा बाहेरचा भाग.
चाप: बोटाने ओढायचा भाग व त्याभोवतीचे संरक्षक कडे.
रंजकदानी: तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकीत नळीच्या बाजूस असलेली, रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू ठेवण्याची वाटी.
गज: दारू व गोळी ठासण्याची, नळीखाली खोचलेली सळई.
कड्या: नळी लाकडाला बांधणारे धातूचे पट्टे.
शिस्त व माशी: नेम धरण्यासाठी अनुक्रमे मागची व पुढची खूण.

‘बंदूक’ हा शब्द मराठीत सर्व प्रकारांसाठी वापरला जातो. ‘रायफल’ ही संज्ञा मात्र नळीच्या आत पेचदार खाचा असलेल्या बंदुकीपुरती मर्यादित आहे. नळीचे अंतरंग छायाचित्रात दिसत नसल्याने एखादी बंदूक रायफल आहे हा निष्कर्ष प्रत्यक्ष निरीक्षणाने निघत नाही. तो नमुन्याच्या ओळखीवरून काढावा लागतो.

प्रमुख प्रकार व त्यांची दृश्य लक्षणे

तोड्याची बंदूक

जळत्या तोड्याने रंजक पेटवून उडणाऱ्या या बंदुकीला तोडेदार बंदूक असेही म्हणतात. भारतीय तोड्याच्या बंदुकीला बाहेरचा घोडा नसतो. तोडा धरणारा नागमोडी चिमटा दस्त्यातील फटीतून वर येतो आणि चाप ओढताच पुढे झुकून नळीच्या उजव्या बाजूच्या रंजकदानीवर टेकतो. दस्ता सडपातळ व जवळजवळ सरळ असून त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या जडवलेल्या असतात. नळी लाकडाला कातडी वादीने किंवा तारेने बांधलेली असते. चापाभोवती संरक्षक कडे बहुधा नसते. एकूण लांबी पाच ते सहा फूट असल्याने ती उभ्या माणसाच्या खांद्याच्या वर, कधी डोक्यापर्यंतही पोहोचते. छायाचित्रात एवढी लांब, बारीक व घोडा नसलेली बंदूक दिसल्यास प्रथम याच प्रकाराचा विचार केला जातो.

चकमकीची बंदूक

हिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो आणि त्याच्यासमोर उभी पोलादी पट्टी असते. घोडा व पट्टी अशी दोन उंच टोके बाजूने दिसणे ही तिची ठळक खूण होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी बनलेल्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळी ३९ इंचांची होती. फ्रेंच युद्धांच्या काळात ब्रिटिश लष्करानेही हा नमुना घेतला. या बंदुकीची नळी लाकडाला खिळ्यांनी बसवलेली असल्याने बाहेर कड्या दिसत नाहीत.

टोपीची बंदूक

ठासणीच्या बंदुकीचा हा शेवटचा मोठा टप्पा होय. गारेऐवजी तांब्याची छोटी टोपी वापरली जाते. घोडा भरीव व हातोडीच्या आकाराचा असतो आणि त्यासमोर उभी पट्टी नसते. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच वर्गातील असून तिची लांबी ५५ इंच (सुमारे १४० सें.मी.) आहे. नळीवर तीन कड्या असल्यामुळे तिला ‘तीनकडी’ म्हणून ओळखणे सोपे जाते. आखूड नमुन्याला दोन कड्या असून त्याची लांबी सुमारे ४९ इंच आहे.

१८५७ नंतर देशी पलटणींना दिलेल्या बंदुकांबाबत एक गुंतागुंत आहे. उठावानंतर सरकारने देशी शिपायांसाठी एन्फील्डसारख्याच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका तयार करविल्या. त्यांचा पल्ला कमी असल्याने मागच्या बाजूस उभी होणारी, अंतराच्या खुणा असलेली शिस्त नसून एक साधी स्थिर खाच असते. मूळ छायाचित्र पुरेसे स्पष्ट असल्यास या एका खुणेवरून दोन्हींतील फरक ओळखता येतो.

स्नायडर–एन्फील्ड

एन्फील्ड रायफलींची पिछाडी कापून त्यात बिजागरीचे झाकण बसवून ही रायफल तयार झाली. ब्रिटिश लष्कराने ती १८६६ मध्ये स्वीकारली. घोडा, तीन कड्या व गज तसेच राहिल्याने दुरून ती ठासणीची एन्फील्डच वाटते. घोड्याच्या पुढे, नळीच्या मुळाशी उजवीकडे उघडणारे जाड झाकण ही तिची वेगळी खूण होय. शिपायाच्या कमरेला धातूच्या काडतुसांची पेटी असणे हा पूरक पुरावा मानला जातो.

मार्टिनी–हेन्री

१८७१ मध्ये स्वीकारलेल्या या एकबारी रायफलीला बाहेरचा घोडा नाही. चापाच्या कड्यामागे खाली वळलेला लांब दांडा असतो. तो खाली ओढला की पिछाडीचा ठोकळा खाली सरकतो व काडतूस भरता येते. घोड्याचा अभाव आणि दस्त्याच्या मानेखालचा हा दांडा एवढ्या दोन खुणा तिच्या ओळखीस बहुधा पुरतात.

ली–मेटफर्ड व ली–एन्फील्ड

१८८८ ची ली–मेटफर्ड व १८९५ ची ली–एन्फील्ड या .३०३ व्यासाच्या रायफलींत उजव्या बाजूला बोल्टची मूठ आणि चापाच्या पुढे खाली आलेली काडतुसांची पेटी दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलेल्या आखूड ली–एन्फील्डमध्ये लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जाते व समोरून तिचे नाक बोथट दिसते. इशापूरच्या कारखान्यात याच धाटणीची .४१० व्यासाची, गुळगुळीत नळीची एकबारी मस्केट पोलिसांसाठी बनली. तिच्या पेटीची जागा लाकडी ठोकळ्याने बुजवलेली असते. महाराष्ट्रातील पोलिसांच्या जुन्या छायाचित्रांत दिसणारी प्रत्येक ‘३०३’ त्यामुळे खरोखर .३०३ असेलच असे नाही.

तुलनात्मक तक्ता

| प्रकार | बाहेरचा घोडा | मुख्य खूण | अंदाजे लांबी |
|---|---|---|---|
| तोड्याची बंदूक | नाही | दस्त्यातून येणारा चिमटा, सडपातळ दस्ता | १५०–१८० सें.मी. |
| इंडिया पॅटर्न चकमकी | आहे | गार व उभी पोलादी पट्टी | १४० सें.मी. |
| एन्फील्ड १८५३ | आहे | तीन कड्या, गज | १४० सें.मी. |
| स्नायडर–एन्फील्ड | आहे | उजवीकडे उघडणारे झाकण | १३८ सें.मी. |
| मार्टिनी–हेन्री | नाही | चापामागील दांडा | १२४ सें.मी. |
| आखूड ली–एन्फील्ड | नाही | बोल्टची मूठ, पेटी, बोथट नाक | ११३ सें.मी. |

असाधारण बंदुका

वरील कोणत्याही वर्गात न बसणारी बंदूक दिसल्यास पुढील शक्यता तपासल्या जातात.

जेकब रायफल: मुंबई सैन्याशी संबंधित असलेली ही सर्वांत वेगळी रायफल म्हणता येईल. सिंधमधील घोडदळाचे सेनानी जॉन जेकब (१८१२–१८५८) यांनी ती प्रयोगांती सिद्ध केली. तिला शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन घोडे व प्रत्येक नळीत चार खोल खाचा होत्या. शिस्तीवर २,००० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. छायाचित्रात ती शिकारीची दुनळी वाटण्याचा संभव असतो. मात्र शिकारीच्या बंदुकीला संगीन लावण्याची सोय नसते आणि एवढी उंच शिस्तही नसते. या रायफलीसाठी तलवारीसारखी लांब संगीन होती. १८५८ मध्ये उभारलेली ‘जेकब्ज रायफल्स’ ही पलटण पुढे मुंबई सैन्याच्या पायदळात ३० व्या क्रमांकाने गणली गेली.

जेजाला व जंबुरा: किल्ल्याच्या तटावरून किंवा उंटाच्या पाठीवरून उडवायच्या या मोठ्या बंदुका होत. रचना तोड्याच्या बंदुकीसारखी असली तरी नळी फार जाड असते आणि मध्यावर फिरती लोखंडी दुबेळकी जोडलेली असते. छायाचित्रात त्या दोन माणसांनी धरलेल्या किंवा भिंतीला टेकवलेल्या दिसतात.

अरबी तोड्याची बंदूक: मराठ्यांच्या, बडोद्याच्या व हैदराबादच्या फौजांत अरब शिपायांची पथके होती. १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्याचा बचाव अशाच अरबांनी केला. त्यांच्या बंदुकीच्या दस्त्याचा मागचा भाग नळकांड्यासारखा गोल असून टोकाला फुगीर गोळा किंवा चकती असते. कमरेला जंबिया हा वाकडा खंजीर असल्यास ओळख अधिक पक्की होते.

सिंधी व अफगाणी जेझैल: दस्ता खोल वक्र असून त्याचे टोक माशाच्या शेपटीसारखे रुंद होते. जुन्या नळीवर युरोपीय बनावटीची चकमक किंवा टोपीची कळ बसवलेली आढळते.

फिरत्या कोठीची तोड्याची बंदूक: एकाच नळीमागे चार किंवा अधिक कोठ्या असून प्रत्येक बार काढल्यानंतर त्या हाताने फिरवाव्या लागत. पिस्तुलाच्या चक्रासारखा फुगवटा दिसल्याने आधुनिक शस्त्राचा भास होतो. तथापि चिमटा व रंजकदान्या पाहिल्यावर तिचा खरा प्रकार कळतो.

नक्कल व स्थानिक बनावट: वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब प्रती हाताने बनत. नेपाळमधील ‘गहेंद्र’ रायफल बाहेरून मार्टिनी–हेन्रीसारखी दिसते. तिची अंतर्गत रचना मात्र वेगळी आहे. अशा बाबतीत केवळ छायाचित्रावरून अंतिम निर्णय देता येत नाही.

छायाचित्रणामुळे होणारे फेरफार

उलटी प्रतिमा: डॅगेरोटाइप व लोखंडी पत्र्यावरील टिनटाइप या पद्धतींत प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी उमटते. काचेची निगेटिव्ह पालथी ठेवून छापल्यासही तसेच घडते. परिणामी उजवीकडची कळ डावीकडे दिसते आणि सर्वसाधारण बंदूक ‘डावखुऱ्यासाठी घडवलेली दुर्मीळ बंदूक’ ठरते. लष्करी बंदुकांत घोडा, रंजकदानी व बोल्टची मूठ जवळजवळ नेहमी उजवीकडेच असते. म्हणून डावीकडे कळ दिसताच प्रथम चित्राची दिशा तपासली जाते. त्यासाठी कमरेची तलवार (सामान्यतः डावीकडे), छातीवरची पदके (डावीकडे) आणि चित्रातील कोणताही मजकूर यांचा आधार घेतला जातो.

रंगांचे रूपांतर: सुरुवातीच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. त्यांवर पिवळा व तांबडा रंग काळपट आणि निळा रंग फिकट उमटतो. त्यामुळे चकाकी नसलेले पितळी सामान लोखंडासारखे काळे दिसू शकते. दस्त्याचे लाकूड तांबूस असल्यास तेही जवळजवळ काळे येते व त्यावरील धातुकाम लपून जाते. तांबड्यासह सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या.

हालचाल: ओल्या कोलोडियन पद्धतीत काच कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे. म्हणून बंदूक जमिनीवर टेकवून किंवा मांडीवर आडवी ठेवून चित्र घेत. हातात अधांतरी धरलेल्या बंदुकीचे टोक पुसट झाल्यास नळी आखूड किंवा रुंद भासते.

चित्रशाळेतील साहित्य: चित्रशाळांमध्ये पडदे, खुर्च्या व खांब यांच्याबरोबर शस्त्रेही ठेवलेली असत. एकच बंदूक, ओरखडे व कड्यांसह, निरनिराळ्या व्यक्तींच्या हातात दिसल्यास ती चित्रशाळेची मानणे सयुक्तिक ठरते. अशा वेळी बंदुकीवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

छाया व रंगकाम: मोठ्या आकाराच्या व्यक्तिचित्रांवर ब्रशने रेषा ठळक करण्याची प्रथा होती. बंदुकीच्या कडा अनैसर्गिकरीत्या सरळ दिसल्यास मूळ निगेटिव्ह किंवा दुसरी प्रत पाहणे आवश्यक असते.

लांबीचे मोजमाप

बंदूक व्यक्तीच्या शेजारी, कॅमेऱ्यापासून समान अंतरावर उभी असल्यास तिची व्यक्तीच्या उंचीशी तुलना करता येते. व्यक्तीची उंची १६५ सें.मी. गृहीत धरल्यास १४० सें.मी. लांबीची तीनकडी एन्फील्ड तिच्या उंचीच्या सुमारे ८५ टक्के भरते, तर १२४ सें.मी.ची मार्टिनी–हेन्री सुमारे ७५ टक्के भरते. पहिली साधारणपणे खांद्याच्या पातळीपर्यंत आणि दुसरी छातीच्या वरच्या भागापर्यंत पोहोचते. पागोटे, टोपी व जोडे मापातून वगळावे लागतात.

बंदूक तिरपी असल्यास तिची लांबी प्रत्यक्षाहून कमी दिसते. अशा वेळी तिच्याच दोन भागांचे गुणोत्तर अधिक विश्वसनीय ठरते. उदाहरणार्थ, कड्यांमधील अंतरे किंवा चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर. नळीच्या तोंडाचा व्यास मोजून नमुना ठरविण्याचा प्रयत्न टाळला जातो. कारण त्या ठिकाणी पुसटपणामुळे होणारी चूक प्रत्यक्ष फरकापेक्षा मोठी असते.

कालनिश्चिती

बंदुकीवरून छायाचित्राची केवळ पूर्वमर्यादा मिळते, म्हणजे चित्र कोणत्या वर्षानंतरचे आहे एवढेच कळते. उत्तरमर्यादा इतर पुराव्यांवरून ठरवावी लागते. १८५४ मध्ये पेटंट घेतलेले लहान आकाराचे भेटकार्डवजा छायाचित्र १८६० च्या दशकात लोकप्रिय झाले, तर मोठ्या कॅबिनेट कार्डाचा प्रचार १८६६ नंतर झाला. पुठ्ठ्याच्या मागे छापलेले चित्रशाळेचे नाव व पत्ता यांवरूनही काळ कळतो.

१८५७ नंतर भारतीय पलटणींना ब्रिटिश पलटणींपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण होते. गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी–हेन्री आल्यावर देशी पलटणींना स्नायडर आणि गोऱ्यांकडे ली–मेटफर्ड आल्यावर देशी पलटणींना मार्टिनी–हेन्री मिळाली. म्हणून भारतीय शिपायाच्या हातातील नमुन्याला ब्रिटिश लष्करातील स्वीकाराचे वर्ष लावल्यास चित्र दहा ते वीस वर्षांनी अलीकडे आणावे लागते. संस्थानी फौजा व गावपातळीवरील वापरात हे अंतर आणखी वाढते. १९४८ च्या हैदराबाद पोलीस कारवाईच्या वेळी रझाकारांपैकी अनेकांकडे ठासणीच्या बंदुकाच होत्या.

शिकारीच्या बंदुकांबाबत बाहेरील घोड्यांचा पुरावा घेतला जातो. घोडे आत असलेली, अ‍ॅन्सन व डीली यांची दुनळीची रचना १८७५ ची आहे. घोडे नसलेली दुनळी चित्रात असल्यास चित्र बहुधा त्यानंतरचे ठरते. घोडे असल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण तशा बंदुका पुढेही अनेक वर्षे विकल्या जात होत्या.

अहमदनगर जिल्ह्यातील संदर्भ

अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे गोदावरी व प्रवरा खोऱ्यांतील राहाता, कोपरगाव, संगमनेर व अकोले या परिसरात, बंदुकीच्या ओळखीला विशेष अर्थ आहे. १८५७ मध्ये भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांचा उठाव झाला. त्या वर्षी नांदूर शिंगोटे येथील चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. ऑक्टोबर १८५९ मध्ये उठावकऱ्यांनी तत्कालीन कोपरगाव तालुक्यातील कोऱ्हाळे गाव लुटले. हे गाव आता राहाता तालुक्यात आहे. पुढील महिन्यात सिन्नर तालुक्यात फ्रँक साउटर याच्या तुकडीशी झालेल्या लढाईत भागोजी नाईक व त्यांचे बहुतेक सहकारी मारले गेले.

या उठावाला तोंड देण्यासाठी कॅप्टन नटॉल याने महादेव कोळी समाजातून कोळी कोअर हे दल उभे केले. गॅझेटियरमधील वर्णनानुसार पहिल्या तुकडीतील काही जण स्वतःच्याच तलवारी व तोड्याच्या बंदुका घेऊन दाखल झाले होते. नंतर दलाला संगीन लावलेली हलकी बंदूक, काळे चामडी पट्टे, गडद हिरवे पागोटे व अंगरखा असा सरकारी सरंजाम मिळाला. हे दल १८६१ मध्ये मोडण्यात आले.

यावरून छायाचित्रांच्या वाचनाचा एक नियम निघतो. एकाच प्रदेशातील व एकाच समाजातील दोन माणसांपैकी एकाच्या हातात तोड्याची बंदूक आणि दुसऱ्याच्या हातात संगिनीची बंदूक असल्यास पहिला बंडखोर व दुसरा सरकारी, असा तर्क सहज सुचतो. परंतु सरकारी दलातील माणसेही घरची तोड्याची बंदूक वापरत असल्याने तोड्याची बंदूक हा बंडाचा पुरावा नव्हे. संगीन, एकसारखे चामडी पट्टे व एकसारखा पोशाख ही तिन्ही एकत्र दिसली तरच सरकारी सेवेचा निष्कर्ष बळकट होतो.

कायदेशीर बाजू

उठावानंतर देशात निःशस्त्रीकरणाचे कायदे झाले. १८७८ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक केला. त्यामुळे १८७८ नंतरच्या चित्रात खासगी व्यक्तीच्या हातात बंदूक दिसणे हे परवाना, सूट, सरकारी नोकरी किंवा संस्थानातील वास्तव्य यांपैकी कशाचे तरी निदर्शक असते. कोडगू प्रदेशातील कोडवांना या कायद्यातून सूट होती. त्यामुळे तेथील कौटुंबिक छायाचित्रांत बंदूक सर्रास आढळते. परवान्यात बंदुकीचा प्रकार व क्रमांक नोंदविलेला असल्याने कुटुंबाकडील जुने परवाने हे छायाचित्रातील बंदूक ओळखण्याचे उत्तम साधन ठरते.

सध्या १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ४५ नुसार जुन्या नमुन्याचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असे शस्त्र, दुरुस्ती करून वा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तरच अधिनियमाच्या बाहेर राहते. केवळ जुनी आहे म्हणून चालू स्थितीतील ठासणीची बंदूक परवान्यातून मुक्त होत नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच अधिनियमात आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे पुरावशेषांत मोडू शकतात आणि खासगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही. छायाचित्रातील बंदूक घरात अजूनही असल्यास तिची ओळख हा म्हणून केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही. ती कोणत्या कायद्याखाली येते हे त्यावर अवलंबून असते.

तुलनेसाठी संग्रह

प्रत्यक्ष शस्त्रांशी तुलना करण्यासाठी पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहालय, सातारा येथील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आणि नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय यांतील शस्त्रदालने उपयुक्त आहेत. कागदपत्रांसाठी पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) व राज्य पुराभिलेखागारे यांचा उपयोग होतो.

मर्यादा

छायाचित्रावरून बंदुकीचा वर्ग बहुधा ठरतो, नमुना अनेकदा ठरतो. परंतु कारखाना, वर्ष व मालकी क्वचितच ठरतात. ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह, टॉवरचा मुकुट, सरकारी बाण किंवा संस्थानाची देवनागरी अक्षरे या खुणा कळपट्टीवर व नळीवर असतात आणि छायाचित्रात त्या सहसा वाचता येत नाहीत. जुन्या नळीला नवी कळ, आखूड केलेली नळी किंवा बदललेला दस्ता असल्यास एकाच बंदुकीत दोन काळांची लक्षणे दिसतात. म्हणून नोंद करताना ‘मार्टिनी–हेन्री’ असे निर्विवाद नाव देण्याऐवजी ‘मार्टिनी पद्धतीची, चापामागे दांडा असलेली एकबारी रायफल’ असे लक्षणाधारित वर्णन देणे आणि ओळख कोणत्या खुणांवर आधारली आहे ते लिहिणे श्रेयस्कर समजले जाते. तशी नोंद असल्यास पुढील अभ्यासकाला ती तपासता व सुधारता येते.

हेही पहा

तोड्याची बंदूक
एन्फील्ड रायफल
भागोजी नाईक
जॉन जेकब
राजा दीनदयाळ
शस्त्र अधिनियम, १९५९